खाजेची गोळी: एकाच्या चिठ्ठीवर अख्खं घर

थंडी पडली की आमच्या मेडिकलमध्ये खरजेचे पेशंट वाढतात. दारं-खिडक्या बंद, एका रगात तिघं झोपलेले, होस्टेलची पोरं सुट्टीत घरी आलेली, मग काय. आणि काउंटरवर सगळ्यांचं बोलणं एकच, "भाऊ, ते खाजेची गोळी द्या ना, मागं नेली होती ते." कोणासाठी विचारलं तर "घरच्यासाठीच जी". घरचं म्हणजे म्हातारी की तीन वर्षांचं पोरगं, वजन किती, दुसरं काही औषध चालू आहे का, काहीच माहीत नसतं, आणि चिठ्ठी मागितली की "काऊन बाप्पा, दोन गोळ्याच तर पाहिजे".

ही गोळी म्हणजे आयव्हरमेक्टिन. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही. नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात फार्मासिस्ट म्हणून बसतो, त्यामुळे हे इतक्या वेळा समजावून झालंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू, लिंक पाठवता येईल.

आधी हे सांगतो की औषध वाईट नाहीये, उलट भारी आहे. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जंतूपासून ते आलं, सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं त्यासाठी. आफ्रिकेत नदीकाठच्या माशीमुळे लोक आंधळे व्हायचे त्या रोगावर हे औषध बनवणाऱ्या कंपनीने 1987 पासून ते फुकट दिलंय. आपल्याकडे हत्तीरोगाच्या मोहिमेतही हेच आहे, 2019 ला नागपूर जिल्ह्यात डीईसी आणि अल्बेंडाझोल या जंतांवरच्या गोळ्यांसोबत आयव्हरमेक्टिन दिलं ना, आठवत असेल. तेव्हा आशाताई दारात एक पट्टी घेऊन यायच्या आणि उंची मोजायच्या, लोक हसायचे की गोळी खायला उंची कशाला पाहिजे. तर वजनकाटा घरोघरी नेता येत नाही म्हणून उंचीवरून अंदाज. 90 सेंटिमीटरच्या खालच्या पोराला नाही, गरोदर बाईला नाही, खूप आजारी माणसाला नाही, आणि गोळी समोरच खायची. हसू नका, त्या पट्टीत सगळं शहाणपण होतं.

कारण डोस वजनावर ठरतो, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिलिग्रॅम, 45 किलोच्या बाईला 9, 30 किलोच्या पोराला 6. गोळ्या 3, 6 आणि 12 अशा येतात, म्हणून डॉक्टरने बापाला लिहिलेली 12 ची स्ट्रिप आणून घरात प्रसादासारखी अर्धी-अर्धी वाटली तर कोणाला जास्त होते, कोणाला कमी. 15 किलोच्या खालच्या लेकरांना सहसा देतच नाहीत, त्यांच्यासाठी खरजेचे किडे मारणारी परमेथ्रिनची क्रीम असते. गरोदर असेल तर तेच. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरला तसं सांगायचं, ते ठरवतील. आणि घरात कोणी रक्त पातळ करायची वॉरफरिन घेत असेल तर ते आधी बोला, एकत्र घेतल्यावर रक्त जास्तच पातळ झाल्याच्या केसेस आहेत.

आता दुसरा डोस, जो अर्ध्याहून जास्त लोक खातच नाहीत असं मला काउंटरवरून वाटतं. पहिली गोळी खाल्ली, थोडं बरं वाटलं, विषय संपला. पण ही गोळी खरजेचा जिवंत किडा लुळा करून मारते, अंड्यांवर तिचा तसा जोर चालत नाही, आणि खरजेची मादी कातडीत बीळ करून अंडी घालत जाते. ती अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. म्हणून 7 ते 14 दिवसांनी परत एक डोस, नवीन निघालेली पिल्लं अंडी घालायच्या आधी. तारीख मी स्ट्रिपच्या पाकिटावर पेनाने लिहून देतो, तरी लोक येतात महिन्याने, "गोळी लागू पडली नाही".

जेवून की उपाशी? हा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर रोगावर आहे. पोटातल्या जंतांसाठी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायला सांगतात, खरजेला बरेच त्वचारोगवाले जेवणानंतर सांगतात कारण जेवणासोबत औषध रक्तात जास्त जातं. शेजारच्याचं ऐकून नाही, आपल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघायचं.

बरं, आधी ती खरूजच आहे का? गजकर्णालाही खाज, खरजेलाही खाज, लोक दोन्हीला एकच ट्यूब लावतात. खरजेची खाज रात्री अंथरुणात गेल्यावर वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, करगोट्याच्या खाली, बेंबीभोवती बारीक पुरळ, आणि घरात एकाहून जास्त जण खाजवत असतात. पहिल्यांदा होते तेव्हा किडा अंगावर आल्यापासून खाज सुटायला चार-सहा आठवडे लागू शकतात, म्हणजे ज्याला खाज नाही तोही घेऊन फिरतोय. म्हणूनच डॉक्टर अख्ख्या घराला एकाच दिवशी उपचार करायला सांगतात. पण "अख्ख्या घराला" म्हणजे सगळ्यांना घेऊन डॉक्टरकडे जा, प्रत्येकाचं वजन, प्रत्येकाची चिठ्ठी, हे नाही ऐकू येत कोणाला.

आणि त्या ट्यूबा! मला सगळ्यात जास्त राग त्यांचाच येतो खरं तर. तीन-चार औषधं एकत्र कोंबलेली, त्यात क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड, स्वस्त, दोन दिवसांत खाज गायब, गिऱ्हाईक खूश. पण स्टेरॉइड फक्त खाज दाबतं, किडे आत मजेत वाढतात, आणि पुरळ असं बदलून जातं की नंतर डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. आमच्याच धंद्यातले लोक हे हसत विकतात, लिहायला लाज वाटते पण लिहितो.

क्रीम दिली असेल तर परमेथ्रिन 5 टक्केवाली जिथं खाज तिथंच नाही लावायची, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखाली, बेचक्यात, रात्री लावून सकाळी आंघोळ. मध्ये हात धुतले की हाताला परत लावायची. त्याच सकाळी कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवून उन्हात. गोधडी, रग धुणं होत नसेल तर आठवडाभर बाजूला बांधून ठेवा, माणसाचं अंग नसेल तर किडा दोन-तीन दिवसांतच मरतो. घरभर फवारणी वगैरे करायची काही गरज नाही.

कोरोनाने या गोळीचं फार वाटोळं केलं. 2021 च्या मे महिन्यात गोव्यात तर सरकारनेच 18 वरच्या सगळ्यांना पाच दिवस 12 मिलिग्रॅम द्यायचं जाहीर केलं, लोकांच्या डोक्यात बसलं की ही ताकदीची गोळी आहे, कधीही खावी. पुढे केंद्राच्या उपचाराच्या यादीतूनच ती निघाली, पण लोकांच्या ड्रॉवरमधून नाही निघाली. आजही कोणी सर्दीला मागतं.

आणि जनावरांचं इंजेक्शन. गोचिडासाठी आणलेली बाटली असते घरी, औषधाचं नाव सारखंच दिसतं, मग कोणीतरी हुशार म्हणतो औषध तर तेच. औषध तेच, पण त्या 1 टक्क्याच्या बाटलीत एका मिलीत 10 मिलिग्रॅम असतं. अंदाजाने अर्धं झाकण पोटात गेलं तर किती झालं हिशोब करा. शिवाय त्यात जे द्रावक असतं ते माणसाच्या पोटासाठी बनवलेलं नाही. नीट डोसमध्ये आपल्या मेंदूत हे औषध फारसं शिरत नाही म्हणून ते सेफ आहे, डोस भरमसाठ झाला की शिरतं. मग गुंगी, झोकांड्या, उलट्या, डोळ्यांपुढे धूसर, झटकेही येऊ शकतात. असं काही दिसलं तर लिंबूपाणी-ताक करत बसू नका, स्ट्रिप किंवा बाटली हातात घेऊन सरळ दवाखाना गाठा. (कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये जन्मतःच मेंदूची ही राखण कमी असते, त्यांना गुरांच्या हिशोबाने टोचलं तर कुत्रं जातं. पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.)

नेमक्या डोसमध्ये होणारा त्रास थोडाच, जरा मळमळ, चक्कर, कोणाला पातळ शी. चक्कर येते म्हणून गोळी खाऊन लगेच गाडी काढू नये. हत्तीरोगाच्या मोहिमेत ज्यांना ताप-अंगदुखी झाली त्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात जंतू होते आणि ते मरताना तो त्रास होतो, गोळी विषारी असल्यामुळे नाही. पण ओठ सुजले, श्वास अडकला तर मात्र वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा.

उपचार झाल्यावर खाज लगेच थांबत नाही हे तर सगळ्यांना सांगावं लागतं. किडे मेले तरी त्यांचा कचरा कातडीत असतो, दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. लोक या काळात तिसरी, चौथी गोळी आणून खातात. त्यापेक्षा खाजेसाठी साधं काहीतरी डॉक्टरकडून लिहून घ्या, नखं कापा. महिन्यानंतरही खाज आहे किंवा बेचक्यात नवीन पुरळ आलं तर परत दाखवा, आणि येताना घरातला तो एक मेंबर पण आणा ज्याने "मला काही झालं नाही" म्हणून गोळी घेतलीच नव्हती. बऱ्याच वेळा तिथूनच परत सुरू झालेलं असतं.