सरफेस 9 चं कोडं अखेर सुटलं

मंडळी, ग्रेडिंगला (खेळाडूंच्या कार्डांची अवस्था तपासून 10 पैकी गुण देणाऱ्या कंपनीकडे) पाठवलेल्या माझ्या क्रोम रूकीचा, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या चकचकीत कार्डाचा, निकाल पुन्हा 9 च आला. पण या वेळी 9 का, याचं उत्तर हाती लागलंय, म्हणून कोणती ग्रेडिंग कंपनी जास्त कडक, ही ठरलेली तुलना बाजूला ठेवून आधी हेच लिहितोय.

हे कार्ड आधी बीजीएस या ग्रेडिंग कंपनीच्या 9.5 च्या स्लॅबमध्ये (ग्रेड छापलेल्या बंद प्लास्टिक डबीत) होतं. चार सबग्रेडपैकी सेंटरिंग (छपाई किती मधोमध आहे), कॉर्नर, एज तिन्ही 9.5 आणि सरफेस (पृष्ठभाग) 9. क्रॅक करून, म्हणजे स्लॅब फोडून, दुसऱ्या कंपनीकडे पाठवलं, 9. तिथून काढून तिसरीकडे, तिथेही 9. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने 2025 मध्ये 10 साठी समोरच्या सेंटरिंगची मर्यादा 60/40 वरून 55/45 वर आणली, तेव्हापासून 9 आला की सगळे आधी सेंटरिंगकडेच बोट दाखवतात. डाव्या-उजव्या बॉर्डर मिळून 6 मिमी असतील तर पूर्वी 3.6 आणि 2.4 चालायचं, आता 3.3 आणि 2.7 च्या आत बसायला हवं. फरक 0.3 मिमीचा. पारदर्शक सेंटरिंग पट्टीवरची छापील रेघच जाड असते, एवढ्या बारीक मापाला ती कुचकामी आहे. स्कॅन करून पिक्सेल मोजले: 52/48. म्हणजे सेंटरिंगवरचा संशय मिटला.

उरला सरफेस. रिंग लाइट आणि 10 पटीच्या लूपखाली (भिंगाखाली) कार्ड आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. खोलीत अंधार केला, छोटा एलईडी टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून उजेड कार्डावर आडवा सोडला. तरीही काही नाही. मग टॉर्च तसाच ठेवून कार्ड 90 अंशांत फिरवलं आणि नेमप्लेटच्या वर एक केसाएवढी सरळ रेघ उमटली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. प्रिंट लाइन! उजेड रेघेच्या दिशेनेच जात असेल तर ती लपते, रेघेला काटकोनात आला की लगेच उठून दिसते. ओरखडा सहसा मध्येच सुरू होऊन मध्येच संपतो. ही रेघ छपाईतलीच, पाकिटातून निघाली तेव्हापासूनची.

तिथेच खाली डावीकडे एक डिंपलही (बारीक खळगा) सापडला. कार्ड हळूहळू कलतं केलं की टॉर्चचं प्रतिबिंब त्या एका ठिकाणी वाकतं. रंग शाबूत, छपाई शाबूत, फक्त उजेड वाकतो. ते पाहिल्यावर जे समाधान झालं, ते 10 आला असता तरी झालं नसतं!

म्हणून माझं मत आता पक्कं झालंय: कडक कोण, हा प्रश्न अर्धाच आहे. तिघांनाही दोष दिसला होता, फरक फक्त तो मोजायच्या पट्टीत होता. बीजीएसच्या पट्टीवर एक 9 पोटात घेऊनही 9.5 मिळतो. पीएसएकडे 9.5 हा ग्रेडच नाही. 10 हुकला की थेट 9, आणि नव्या क्रोम कार्डांत खरे पैसे तिथेच जातात. पीएसए 10 ला सेट रजिस्ट्रीवाल्यांची (पूर्ण संच जमवून पीएसएच्या यादीत वरच्या क्रमांकासाठी चुरस करणाऱ्यांची) कायमची मागणी असते, त्यामुळे तो बहुतेक वेळा बीजीएस 9.5 पेक्षा महाग विकला जातो. चारही सबग्रेड 10 असलेलं बीजीएसचं ब्लॅक लेबल मात्र त्याच्याही वर जातं. सबग्रेड छापून देणं ही मला बीजीएसची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. त्या ‘सरफेस 9’ मुळेच मी शोधत राहिलो.

जुन्या कार्डांचं गणित निराळं. तिथे एसजीसी या ग्रेडिंग कंपनीला दुय्यम समजणाऱ्यांनी 1952 चा टॉप्स मिकी मँटल (बेसबॉलपटूचं कार्ड) आठवावा. 2022 मध्ये 1.26 कोटी डॉलरला गेला तो एसजीसी 9.5 च्या काळ्या स्लॅबमध्येच. 2024 पासून एसजीसी आणि पीएसए एकाच मालकाकडे आहेत, तरी काळ्या चौकटीतलं जुनं कार्ड मला आजही सगळ्यात देखणं वाटतं.

उरलेले 9.5 चे स्लॅब क्रॅक करायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं, टॉर्च स्लॅबवरूनच का मारू नये? आत्ताच एक पाहिला. प्लास्टिकवरच्या ओरखड्याची सावली खाली कार्डावर पडते आणि टॉर्च हलवला की सरकते, कार्डावरची रेघ जागची हलत नाही. ओळखू येतं! आता क्रॅक करणं बंद. टॉर्चखाली निर्दोष निघतील तेवढेच स्लॅब किमान ग्रेड 10 लिहून क्रॉसओव्हरला (स्लॅबसकट दुसऱ्या कंपनीकडे ग्रेडसाठी) जातील. 10 नाही जमला तर फी जाईल, पण कार्ड आपल्या जुन्या स्लॅबमध्येच परत येईल. रेघवाले 9.5 तसेच विकायला काढतो.

चकाकी नसलेल्या जुन्या कार्डबोर्डवर पुसट सुरकुती शोधताना तुम्ही टॉर्च किती खाली धरता? माझ्याकडे कागदाचा पोतच इतका उठून येतो की सुरकुती त्यात हरवते.