पांबनचा शेर्झर गाळा, १:८७ : पहिला पंख तोलला गेला

पांबन पुलाच्या जहाजांसाठी उघडणाऱ्या गाळ्याचं १:८७ प्रमाणातलं मॉडेल करतोय. त्याच्या दोन पंखांपैकी, म्हणजे वर उठणाऱ्या दोन अर्ध्या भागांपैकी, रामेश्वरच्या बाजूचा जोडून झाला आणि तो हाताने उघडतो. तो उघडायला सर्वो मोटर (ठरावीक कोनात फिरणारी छोटी विजेची मोटर) बसवायची की नाही हा प्रश्न माझ्यापुरता सुटला आहे: नाही बसवणार.

तामिळनाडूत रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा जुना रेल्वेपूल १९१४ साली सुरू झाला. त्याचा उघडणारा गाळा माणसंच उघडायची. कामगार दांडे लावून गिअर फिरवायचे आणि शेकडो टनांचा पंख उठायचा. ही किमया शेर्झर रचनेची. इथे पंख बिजागरीवर फिरत नाही. त्याच्या मागच्या टोकाचा कमानदार पोलादी पाय सपाट पट्टीवर मागे लोळतो. काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारं वजन, असं बसवलेलं असतं की सगळ्याचा गुरुत्वमध्य त्या कमानीच्या केंद्राशी येतो. लोळताना केंद्र वर चढत नाही, नुसतं आडवं सरकतं. म्हणजे वजन उचलायचंच नसतं. जोर लागतो तो घर्षणाला आणि वाऱ्याला. शिवाय पंख मागे सरकत जातो, त्यामुळे जहाजाची वाटही लवकर मोकळी होते. हे शोधणारा शिकागोचा विल्यम शेर्झर १८९३ साली वारला. तिथला या पद्धतीचा पहिला पूल १८९५ चा, त्याने तो पाहिलाच नाही.

मॉडेलमध्ये काउंटरवेटच्या पेटीत मासेमारीच्या गळाला लावतात ती शिशाची वजनं भरली. पंख कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच थांबेपर्यंत भरत गेलो. पाय घसरू नये म्हणून पट्टीवर दात्यांऐवजी पितळी खिळे ठोकलेत.

काळ मीटरगेजचा (दोन रुळांत एक मीटर अंतर) धरलाय, म्हणून मॉडेलमध्ये रुळांमधलं अंतर १२ मिमी. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात पुलाच्या १४५ पैकी १२६ गर्डर (पोलादी तुळया) वाहून गेले, पण हा गाळा शाबूत राहिला. रेल्वे अभियंता ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा केला, समुद्रातून काढलेले गर्डर वापरून. तो प्रसंग एका वेगळ्या डायोरामाच्या (छोट्या प्रमाणातल्या देखाव्याच्या) लायकीचा आहे.

६ एप्रिल २०२५ ला सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा दोन मनोऱ्यांमध्ये आडवाच्या आडवा १७ मीटर वर जातो. त्याला मोटर शोभते, आणि तो केला तर मीही बसवेन. जुन्याला मात्र दांडाच हवा.

आता दुसऱ्या, मंडपमच्या बाजूचा पंख, आणि दोन्ही पंख मिटल्यावर मध्ये बसणारी खीळ. तिच्यासाठी दीड मिमीची पितळी सळई आणून ठेवली आहे.