चेंडूतून पळणारे पैसे आणि आमची तागडी

आई इकडे इंग्लंडला आल्यापासून किल्ले झाले, चर्च झाली, तिला सगळी चर्च सारखीच वाटतात. म्हणून रविवारी बीमिशला नेलं. न्यूकॅसलजवळचं उघड्यावरचं म्युझियम, आतून ट्राम फिरते. तिथे अ‍ॅनफिल्ड प्लेन नावाच्या जवळच्याच खाणगावातलं को-ऑपचं, म्हणजे सहकारी संस्थेचं, दुकान आहे. 1983 मध्ये आख्खं दुकान गावातून हलवून इथे उभं केलं, 1984 ला लोकांना बघायला खुलं झालं.

आई दारातच थबकली. लाकडी काउंटर, बिस्किटांचे डबे, मागे छतापर्यंत फळ्या. आणि डोक्यावरून उतरती पट्टी गेलेली. पोकळ लाकडी चेंडू उघडायचा, त्यात पैसे आणि चिठ्ठी घालायची, चेंडू वर चढवायचा आणि सोडायचा. तो आपला आपण घरंगळत कॅशियरच्या खोलीत जातो आणि सुट्टे घेऊन परत येतो. वीज नाही, काही नाही. आम्ही अर्धा तास नुसते माना वर करून उभे!

मग जुन्या वेशातल्या बाईंनी 'डिव्ही' समजावली. सभासदाने घेताना आपला नंबर सांगायचा, जेवढी खरेदी तेवढ्या प्रमाणात नफ्यातला वाटा परत मिळायचा. मी आईला मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या कारखान्याची दिवाळीची साखरच की." मला इतकं बरं वाटलं, जसं काही सहकार आम्हीच यांना शिकवला. (उलट आहे, ठाऊक आहे.)

पण मग तिने विचारलं, "आपली तागडी कुठेय रे?"

आजोबांच्या दुकानाच्या फळ्या, गल्ला, पितळेची वजनं, सगळं मी सहा वर्षांपूर्वी विकलं. वजनं भंगारवाल्याने किलोवर घेतली, आणि गंमत म्हणजे ती मोजली इलेक्ट्रॉनिक काट्यावर. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. मी म्हटलं, अगं इथे सरकार आहे, ट्रस्ट आहेत, तिकीट काढून लोक येतात, आपल्याकडे गळकं छप्पर कोण दुरुस्त करणार होतं, मी इथून? भाडं वेळेवर येतं ना? ती काहीच बोलली नाही, काउंटरच्या कडेवरून नुसता हात फिरवत राहिली.

बाहेर पडताना सांगितलं की हे तिकीट वर्षभर चालतं. तेव्हापासून रोज विचारतेय, रविवारी परत जायचं का. तिला तो चेंडू स्वतः सोडायचाय.