मनसर ते भंडारा: मँगनीजच्या पट्ट्यातलं खाणं, कोसा आणि पितळ

नागपूरहून रामटेकला जाणारे बहुतेक जण गडमंदिर करून संध्याकाळी परततात. वाटेतल्या मनसरला मँगनीजची खाण आहे आणि तिथून हा पट्टा पूर्वेला चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी करत बालाघाटपर्यंत जातो. इथलं खनिज काढण्यासाठी १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली. तिच्याच वारशातून १९६२ साली आजची मॉइल ही सरकारी खाण कंपनी उभी राहिली. खाणींच्या आजूबाजूला कोष्टी, तांबट, बारई म्हणजे पानमळेवाले, विडी वळणारे असे कितीतरी धंदे आधीपासून होते आणि अजून आहेत. ते बघायचे तर दोन दिवस हवेत: पहिला मनसर-रामटेकला, दुसरा तुमसर, मोहाडी आणि भंडाऱ्याला.

खाण आतून बघायला मिळेल असं धरून निघू नका. या चालू खाणी आहेत. आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय फाटकाच्या आत सोडत नाहीत आणि फोटोही काढू देत नाहीत. ढिगावरचा दगड आठवण म्हणून उचलू नये, तो कंपनीचा माल आहे. खनिज ओळखणं मात्र सोपं: आकाराच्या मानाने खडा चांगलाच जड लागतो आणि पायरोल्युसाइट, म्हणजे मँगनीजचं काळं खनिज, असेल तर बोटं काळी होतात. सोबत गार्नेट आणि गारगोटीचा जो खडक सापडतो त्याला फर्मर या भूशास्त्रज्ञाने गोंडांवरून गोंडाइट हे नाव दिलं. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड खनिज बॅटरीच्या सेलसाठी वापरलं जातं.

न्याहारीला तर्री पोहे, म्हणजे तिखट पातळ रस्सा घातलेले पोहे. गाडीवर सकाळी लवकर जा, उशीर केला तर तळाचीच तर्री मिळते. तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळ्या वाटीत मागा. दुपारी सावजी, म्हणजे इकडचं झणझणीत मसाल्याचं जेवण, खायचं असेल तर ‘कमी तिखट करा’ म्हणून उपयोग नाही. मसाला आधीच वाटून रश्श्यात शिजलेला असतो. त्याऐवजी पाटवडी रस्सा घ्या, भाकरी जास्त मागवा आणि रस्सा जपून वाढून घ्या. सावजीची चव खसखस, दगडफूल आणि जुन्या पद्धतीत जवसाच्या तेलाची. भंडारा जिल्ह्यात शिरलात की जेवणात भात येतो. हा तलावांचा मुलूख, त्यामुळे मासे आणि झिंगेही मिळतात. चिन्नोर तांदूळ तुमसरला घ्या, पण घेण्याआधी मूठभर हुंगून बघा. सुवास नसेल तर तो दुसऱ्या बारीक तांदळात मिसळलेला असण्याची शक्यता मोठी.

मुक्कामाला रामटेक बरं. त्रिपुरी पौर्णिमा आणि रामनवमीच्या सुमारास मात्र खोली आधी सांगून ठेवा. तुमसरला लॉज मोजके आहेत. खोली, पाणी आणि पंखा बघूनच पैसे द्या. एप्रिल-मे टाळाच. ऊन सोसवत नाही, आणि तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम असल्याने गावातली बरीच माणसं पहाटेच जंगलात गेलेली असतात.

आता कोसा, म्हणजे इथलं टसर रेशीम. या फेरीतली सगळ्यात मोलाची खरेदी हीच, म्हणून तिला घाई करू नका. मोहाडी आणि आंधळगावला करवतकाठी साडी हातमागावर विणतात. अंग कोशाचं, काठ वेगळ्या रंगाच्या सुताचा, आणि दोन्हींच्या सांध्यावर करवतीसारखे दाते. त्यासाठी आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, आणि दर ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. म्हणूनच खरी साडी उलटी केली तरी दाते तसेच दिसतात. मागे लोंबते धागे कापलेले असतील किंवा दाते छापलेले असतील तर ती करवतकाठी नव्हे. पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा: केस जळल्यासारखा वास यायला हवा आणि राख बोटात चुरायला हवी. गोळी झाली तर कृत्रिम धागा आहे. धागा इथल्या ऐनाच्या झाडावरच्या कोशाचा की बाहेरून आणलेला, हे सरळ विचारा. विणकर सांगतात, आणि किमतीतला फरक तिथेच कळतो. शक्यतो मागावरूनच घ्या, पैसे विणकराच्या हातात देता येतात. साडी घरी पिळू नका, उन्हात वाळवू नका.

भंडाऱ्याची ओळख पितळेची. स्टील आणि प्लास्टिकने हा धंदा पार आटवला, तरी जुन्या दुकानांत घडवलेली भांडी वजनावर मिळतात. भांडं पालथं करून बुडाची जाडी बघा, कडेला सांधा असेल तर पाणी भरून ठेवा. आंबट शिजवायचं असेल तर कल्हई हवीच. ती समोर उभं राहून करून घ्या. भांडं आधी घासून स्वच्छ, मग भट्टीवर तापवून नवसागराची पूड टाकायची, कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झपाट्याने फिरवायचं. भांडं पुरेसं तापलं नसेल तर कथिल थेंबथेंब गोळा होतं; जास्त तापलं तर पिवळट, काळपट डाग पडतात. स्वस्तात उरकणारे कथिलात शिसं मिसळतात, ते विषारी. कांडी पांढऱ्या कागदावर ओढा, करडी रेघ उमटली तर भांडं उचलून चालू लागा.

दोन स्टेशनांचा घोळ आधीच लक्षात ठेवा. तुमसर रोड म्हणजे देव्हाडी, मुख्य मार्गावरचं जंक्शन. तुमसर शहर तिथून काही किलोमीटर आत आहे. तसंच भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, शहरापासून दहाएक किलोमीटर. तुमसर रोडहून तिरोडीला जाणाऱ्या रेल्वेफाट्यावर गाड्या थोड्याच, त्यामुळे चिखला किंवा डोंगरीकडे जाताना परतीची गाडी आधी ठरवा. पितळेचं ओझं झालं असेल तर भंडाऱ्याहून नागपूरला बसने या, महामार्गावरून साठेक किलोमीटर.