मध्यंतरात मी का उठलो

ब्रिटिश जॅझ ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटलटन, म्हणजे आमचे 'हम्फ', गेले त्याला बरीच वर्षे झाली, तरी लंडनमधल्या आमच्या मराठी मंडळींत त्यांचे नाव निघाले की कोणीतरी मला हटकून विचारते: ज्या माणसाच्या ट्रम्पेटसाठी तुम्ही तीस वर्षे जीव टाकलात, त्याच्या शेवटच्या ऐकलेल्या मैफलीतून मध्यंतरालाच कसे उठून आलात? आजवर मी शेवटच्या गाडीचे निमित्त सांगत आलो. गाडी दीड तासाने होती. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदाचे खरे लिहून टाकतो.

मिरजेहून 1974 साली इथे आलो आणि सोमवारी रात्री रेडिओवर त्यांचा जॅझचा कार्यक्रम ऐकू लागलो, ही कथा तुम्हाला पाठ आहे. मी अडकलो तो न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वादनपद्धतीत. ट्रम्पेट चाल धरून ठेवतो, क्लॅरिनेट तिच्यावरून धावते, ट्रॉम्बोन खालून घसरत येतो. तिघेही त्या क्षणी सुचेल ते वाजवतात आणि तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत. गवय्याच्या मागून साथ ऐकण्याची सवय असलेल्या माझ्या कानाला ही गर्दी नवी होती. आणि म्यूट, म्हणजे आवाज दाबणारे बूच, ट्रम्पेटच्या तोंडाशी लावून हम्फ ते गुरगुरवत, तेव्हा तंबोऱ्याची जवारी लागल्यावर तार जशी भरून बोलते तसे मला वाटे.

1953 साली त्यांनी ब्रूस टर्नर या ऑल्टो सॅक्सोफोनवाल्याला बँडमध्ये घेतले. जुन्या पद्धतीत सॅक्सोफोनला जागा नाही, म्हणून बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये चिडलेल्या श्रोत्यांनी 'गो होम डर्टी बॉपर' (घाणेरड्या बॉपवाल्या, घरी जा; बॉप म्हणजे तेव्हाचे नव्या वळणाचे जॅझ) असा फलक फडकावला. हा किस्सा मी तुम्हा सर्वांना रंगवून सांगत असे आणि कुमार गंधर्वांच्या गाण्यात घराणे शोधत बसणाऱ्यांची टिंगल त्याला जोडत असे.

2007 च्या नोव्हेंबरात थेम्सकाठच्या एका पबच्या मागच्या खोलीत त्यांचा बँड होता. हम्फ 86 वर्षांचे होते. आपल्यातल्याच एका तबलजी मित्राला मी आग्रहाने नेले होते; 'खरे जुने' ऐकवतो असे वचन दिले होते. पहिली चीज तशी झालीही. ती संपल्यावर त्यांनी ट्रम्पेटचे तोंड खाली केले, बारीकशी चावी दाबली, आत साचलेले पाणी फरशीवर सोडले आणि ते बाजूला सरकले. मग सॅक्सोफोन सुरू झाले. लॅटिन ठेक्यावरची कुठलीशी लांबलचक नवी रचना होती आणि आवर्तनामागून आवर्तन हम्फ नुसतेच डोळे मिटून, मान हलवत ऐकत उभे होते. माझा मित्र मांडीवर ठेका धरत होता, आणि मला त्याचाही राग येत होता. पुढच्या दोन रचनाही तशाच झाल्या. मध्यंतर होताच 'हे काही ते नव्हे' असे म्हणून मी त्याला जवळजवळ ओढतच उठवले. दाराशी हम्फ हातात ग्लास घेऊन उभे होते. आम्हाला वाट देण्यासाठी तो उंच माणूस भिंतीला टेकला. तीस वर्षांत इतक्या जवळ मी कधी गेलो नव्हतो. एक वाक्य बोलता आले असते. मी कोटाची बटणे लावत बाहेर पडलो. 25 एप्रिल 2008 रोजी ते गेले.

फलक तेवढा माझ्या हातात नव्हता, असे मित्र म्हणतो. मला ते पूर्ण मान्य नाही. पैसे देऊन आलेल्या श्रोत्याला नावड असण्याचा हक्क आहे, आणि हम्फ स्वतः तरी काय निराळे होते? 1956 च्या त्यांच्या 'बॅड पेनी ब्लूज'मध्ये जो मीक या ध्वनिमुद्रकाने ड्रमवरचे ब्रश आणि पियानोचा डावा हात भलताच पुढे आणला. हम्फ यांना ते रुचले नव्हते, आणि तीच तबकडी ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत पहिल्या विसांत गेली. त्यांचाही कान हट्टी होता.

हा युक्तिवाद मी गाडीत बसल्या बसल्याच तयार केला होता, त्यामुळे त्याच्यावर माझाच फारसा विश्वास नाही. जुनेच वाजवीन असे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. ज्या माणसाने ऐंशीच्या उंबरठ्यावर रेडिओहेड या रॉक बँडच्या तबकडीत वाजवले, त्याला मी मनात 1948 सालात कोंडून ठेवले होते. तरीही ती लॅटिन रचना मला आजही आवडत नाही. मुद्दाम अनेकदा आठवून पाहिली, नाहीच आवडत.

उत्तरार्धात काय वाजले, हे सांगू शकतील अशी दोन माणसे मला ठाऊक आहेत. मी त्यांना विचारलेले नाही. जुने वाजले असेल तर ते मला ऐकवणार नाही, आणि नवेच वाजले असेल तर मी थांबायला हवे होते असे मला अजूनही म्हणवत नाही.