तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे सारखेच दिसतात, मग ओळखता कसं?

"मॅडम, तुम्ही त्या चिनी सीरियल बघता ना? मग एक सांगा, त्यातली सगळी माणसं सारखीच दिसतात. कोण कुठला हे तुम्हाला कळतं कसं?"

स्टाफरूममध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, परवा तर लग्नाच्या पंगतीत वाढप चालू असताना, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सतत विचारला जातो. विचारणारी माणसं माझीच आहेत आणि त्यांच्या मनात वाईट काही नसतं. म्हणून "सवयीने कळतं हो" एवढं म्हणून मी विषय संपवत आले. पण हा प्रश्न मला लागतो, आणि का लागतो ते आज नीट सांगावंसं वाटतंय.

मी पुण्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. जूनमध्ये नवा वर्ग हाती येतो तेव्हा समोर पन्नास गणवेश बसलेले असतात. तेच केस, त्याच वेण्या, तेच दप्तर. हजेरी घेताना मान वर करावी लागते. नवरात्र येईपर्यंत मात्र मैदानाच्या पार पलीकडून पाठमोरं चाललेलं पोरही ओळखू येतं. एक दप्तर कायम डाव्या खांद्यावर टाकतो, एक जिना चढताना कठड्यावर बोटं वाजवते. ही बोटं जूनमध्येही वाजत होती. मी बघत नव्हते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका वर्गात दोन मुली आल्या. दोघींचे वडील लष्करात, एक मणिपूरची, एक नागालँडची. मराठी दोघींनाही नवीन. जवळजवळ महिनाभर मी मणिपूरच्या मुलीला दुसरीच्या नावाने हाक मारत होते. ती उभी राहायची, "येस मॅम" म्हणायची आणि अडखळत धडा वाचायला लागायची. एकदाही तिने मला चूक सांगितली नाही. एके दिवशी तपासलेल्या वह्या वाटताना मी तिच्या हातात एक वही ठेवली. तिने ती घेतली, कव्हरवरचं नाव वाचलं, काही न बोलता तीन बाकं मागे गेली आणि जिची होती तिच्यापुढे ठेवून परत जागेवर येऊन बसली. तिला या सगळ्याची सवय होती, हे तिच्या चालण्यातूनच कळत होतं. तो दिवस मी विसरलेले नाही. "सगळे सारखेच दिसतात" हे वाक्य कुणी हसत हसत म्हटलं की मला ती वही दिसते.

चिनी मालिका त्यानंतर कितीतरी वर्षांनी आल्या, 2020च्या टाळेबंदीत. एका माजी विद्यार्थिनीने यूट्यूबची लिंक पाठवली: 'लांगया बांग', इंग्रजीत 'निर्वाणा इन फायर'. 2015ची मालिका, 54 भाग. पहिले चार भाग मीही गोंधळले होते, हे कबूल करते. दरबार, दोन राजपुत्रांची चढाओढ, अंबाडे, लांब बाह्यांचे झगे, नावं तर जिभेवर बसेनात. पाचव्या-सहाव्या भागानंतर जो धागा हाती लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते. लिन शू हा सेनापतीचा तरणाबांड मुलगा. खोट्या आरोपावरून त्याच्या बापाचं 70 हजारांचं सैन्य बर्फात कापलं जातं. तो वाचतो, पण अंगात भिनलेलं विष उतरवताना त्याचा चेहरा आणि शरीर पार बदलून जातं. एक तप लोटल्यावर तो मेइ चांग-सू या नावाने राजधानीत परत येतो, खंगलेला, खोकणारा, हातात तलवार पेलण्याची ताकद नसलेला. समोर त्याचा जिवाभावाचा मित्र राजपुत्र चिंग-यान बसलेला असतो, आणि तो त्याला ओळखत नाही.

म्हणजे बघा, सबंध मालिका तुमच्याच प्रश्नावर उभी आहे. चेहरा गेला तर माणूस कशावरून ओळखायचा?

उत्तर बारीकसारीक गोष्टींत आहे. लिन शूला विचार करताना कापडाचं टोक चिमटीत धरून चोळायची सवय होती. मेइ चांग-सू तेच करतो. लिन शूला हेझलनट चालत नसे. चिंग-यानची आई दोघांसाठी खाऊचे डबे भरते तेव्हा मेइच्या डब्यात हेझलनटचा पदार्थ नसतो, कारण आईने मुलाच्या कितीतरी आधी त्याला ओळखलेलं असतं. ती तोंडाने एक अवाक्षर काढत नाही. डबा भरते.

आमच्या सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. इंग्रजी सबटायटल त्यांना वाचता येत नाहीत. रोज रात्री जेवणं झाली की माझ्या शेजारी बसायच्या, मी अधूनमधून काय चाललंय ते सांगायचे. एका रात्री त्यांनी विचारलं, "अगं, हा विचारात पडला की बाही का चोळतो?" मी स्क्रीनच्या तळाची अक्षरं वाचण्यात इतकी गुंतले होते की हातांकडे माझं लक्षच नव्हतं. चिंग-यानच्या आधी, माझ्या आधी, सासूबाईंनी लिन शूला पकडलं होतं.

मेइ चांग-सूचं काम केलंय हू गे या नटाने, आणि त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. शांघायचा, जन्म 1982चा. 2005मध्ये एका मालिकेने तो घराघरांत पोचला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2006मध्ये, महामार्गावर त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. त्याची तरुण सहायिका त्यात गेली. त्याच्या चेहऱ्यावर आणि मानेवर शंभराहून जास्त टाके पडले. देखणेपणावर जगणाऱ्या धंद्यात चोविसाव्या वर्षी चेहरा फाटला. साधारण वर्षभराने तो अपघातामुळे अर्धवट राहिलेल्या मालिकेच्या सेटवर परतला. उजव्या डोळ्यापाशी व्रण आजही आहे. अशा माणसाने नऊ वर्षांनी, चेहरा गमावून परतलेल्या माणसाची भूमिका केली. मेइ चांग-सू आरशात बघत नाही, मित्राच्या डोळ्यांत बघतो, तिथे ओळख दिसत नाही, आणि तो नजर खाली घेऊन पुढ्यातला चहा ओततो. त्या क्षणाला हू गे चेहऱ्याची एक रेषही हलवत नाही. मला तो अभिनय वाटतच नाही.

आता भाषेचं. चिनी मला येत नाही, पण कान उघडा ठेवला की मराठी माणसाला एक गोष्ट पटकन कळते: नात्यांना त्यांच्याकडेही आपल्यासारखे वेगवेगळे शब्द आहेत. 'गेगे' म्हणजे दादा, 'जिएजिए' म्हणजे ताई, 'गूगू' आत्या, 'जिओजिओ' मामा. इंग्रजी सबटायटल या सगळ्यांचं एकच पीठ करतात, मामाही अंकल आणि काकाही अंकल. 'लांगया बांग'मधला सम्राट लिन शूचा कोण? सख्खा मामा. ज्याने लिन शूच्या बापाला मारवलं, ज्याच्यामुळे त्याच्या सख्ख्या बहिणीने स्वतःचा जीव घेतला, तो मामा. इंग्रजीत ते फक्त राजकारण वाटतं. मी सासूबाईंना "हा त्याचा मामा" म्हटलं, आणि त्या म्हणाल्या, "कंसच की!" पुढचे चाळीस भाग त्यांना आणखी काही समजावावं लागलं नाही.

नट ओळखायचा असेल तर त्याच 2015 साली आलेली 'द डिसगायझर' लगोलग बघा. जपानी ताब्यातलं शांघाय, गुप्तहेरांची गोष्ट. तिथे हू गे घरातलं लाडावलेलं शेंडेफळ आहे, खिदळणारा, हट्टी. चिंग-यान झालेला वांग काय नावाचा नट तिथे अदबशीर, मितभाषी भाऊ. आणि ल्यू मिन-थाव ही अभिनेत्री, जी 'लांगया बांग'मध्ये डबा भरणारी आई आहे, ती इथे भावंडांवर हात उगारणारी करारी थोरली बहीण! एकाच वर्षी, तेच चेहरे. मला दोन मालिका संपेपर्यंत ती एकच बाई आहे हे कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते.

आवाजावरून ओळखावं म्हटलं तर तिथेही गंमत आहे. यातल्या बऱ्याच नटांचा आवाज त्यांचा स्वतःचा नसतो. चच्यांग प्रांतात हंगत्यान नावाचं प्रचंड चित्रनगर आहे, बीजिंगच्या राजवाड्याची प्रतिकृतीसुद्धा तिथे उभी केलेली आहे. एकाच वेळी अनेक मालिकांची चित्रीकरणं, शिवाय पर्यटकांची गर्दी. त्या गोंगाटात घेतलेला आवाज वापरता येत नाही. त्यात कुणाचे उच्चार हाँगकाँगचे, कुणाचे तैवानचे. म्हणून नंतर आवाजाचे कलाकार सगळं पुन्हा बोलतात. 2011च्या 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'मध्ये सुन ली हिने साकारलेल्या चेन ह्वानचा आवाज ची क्वान-लिन हिचा आहे. डोळे एकीचे, गळा दुसरीचा, आणि मिळून उभी राहिलेली बाई अशी की 76 भाग तिला सोडवत नाही. डबिंगला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. आपल्याकडे पार्श्वगायनाने आपण रडतोच की.

चेन ह्वानची गोष्ट तर मला वर्गातल्या त्या मुलीपाशी परत नेते. सम्राटाच्या अंतःपुरात आलेली ही मुलगी, सम्राट तिच्यावर जीव लावतो, तिला प्रेमाने एक उपाधी देतो. ती समजते, हे माझं. मग एकदा नकळत तिच्या अंगावर दिवंगत सम्राज्ञीचा झगा चढतो, सम्राट खवळतो, आणि हळूहळू तिला सत्य कळतं: ती त्या मेलेल्या राणीसारखी दिसते, म्हणून हे सगळं होतं. प्रेमाची ती हाकसुद्धा दुसरीची होती. सुन ली त्या प्रसंगात आधी रडत नाही. आधी तिच्या चेहऱ्यावर हिशेब दिसतो, प्रत्येक आठवण उलटी तपासून बघणारा. ज्या बाईला इतकी वर्षं दुसरीच्या नावाने हाक मारली जात होती, तिचा चेहरा. मी तो भाग एकदाच पाहिला आहे.

तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. गेल्या काही वर्षांतल्या देवदेवता आणि परलोकाच्या पोशाखी मालिकांमध्ये कातडी इतकी गुळगुळीत करून दाखवतात की नाकाची सावलीसुद्धा उरत नाही. वीस-बावीस वर्षांची पोरं, सगळ्यांना तोच मेकअप, तोच पांढरा उजेड. तिथे मलाही ओळखताना त्रास होतो. पण तो दोष कॅमेऱ्यामागे बसलेल्यांचा आहे.

आणखी एक दुखरी गोष्ट. 'लांगया बांग'मधला तरुण लिन शू, म्हणजे चेहरा बदलण्याआधीचा, चांग च-हान या नटाने केला होता. 2021मध्ये 'वर्ड ऑफ ऑनर' या मालिकेने तो शिखरावर गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जपानमधल्या यासुकुनी देवळाच्या (युद्धात मेलेल्या जपान्यांचं, त्यात युद्धगुन्हेगारही असलेलं, म्हणून चीनला खुपणारं स्मारक) आवारातले त्याचे जुने फोटो बाहेर आल्यावर, काही दिवसांत त्याची कामं चिनी प्लॅटफॉर्मवरून हटवली गेली, श्रेयनामावलीतून नाव काढलं गेलं. लिन शूचा पहिला चेहरा असा खरोखरच नाहीसा झाला. चाहत्यांना बाजू घेण्यात रस असतो. मला त्या दिवसांत फक्त वाईट वाटत होतं.

आणि ज्यांना झगे-अंबाडे नकोच असतील त्यांच्यासाठी 2023ची 'द लाँग सीझन', फक्त 12 भाग. ईशान्य चीनमधलं पोलादाच्या कारखान्यावर जगणारं गाव, नव्वदच्या दशकातली कामगारकपात, आणि 2016मध्ये टॅक्सी चालवणारा एक म्हातारा, जो एके काळी कारखान्याच्या रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर होता. फान वेइ हा मुळात प्रहसनांतून लोकांना हसवत आलेला नट. त्याने साकारलेला हा ड्रायव्हर, वांग श्यांग, दोन्ही काळांत बघा. नोकरीच्या दिवसांत छाती पुढे काढून कारखान्याच्या आवारात चालतो, म्हातारपणी तेच खांदे आत वळलेले. माझे मामा परळला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला तो त्यांच्यापुरता कधी संपलाच नाही. गिरणीची जागा गेली, चिमणी गेली, तरी ते मरेपर्यंत "आमची गिरणी" म्हणायचे आणि ते म्हणताना पाठ ताठ करायचे. वांग श्यांग कारखान्याचं नाव घेतो तेव्हा पाठ तशीच ताठ होते. चीनमधल्या एका नटाला माझ्या मामांची पाठ कुठून मिळाली, कुणास ठाऊक. मी तो भाग थांबवून आईला फोन केला होता.

तर ओळखू येतात ते असे. या शनिवारी जेवणं झाल्यावर आमच्याकडे 'लांगया बांग'चा पहिला भाग पुन्हा लागणार आहे, सासूबाईंच्या आग्रहावरून, चौथ्यांदा. नावं पाठ करायची गरज नाही, त्यांनाही येत नाहीत. हू गेला त्या "बाहीवाला" म्हणतात आणि वांग कायला "तो घुम्या". त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, या.