गाडीतल्या शेंगा आणि नो क्लेम बोनस

ब्लोअर दोनवर नेला की खडखड, तीनवर नेला की बंद. एसीतून कुबट वास. त्यातच एक दिवस डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो काही विझेना. आमची गाडी छोटी, पेट्रोलवरची, सहा वर्षांची. मिस्टर नोकरीला पुण्यात, मी ऑफिसला अॅक्टिव्हावरून जाते. त्यामुळं गाडी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या बिल्डिंगखाली आठवडेच्या आठवडे उभी असते. गावाला जायचं असलं, नाहीतर आईला दवाखान्यात न्यायचं असलं, तरच ती बाहेर पडते.

आधी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, रॅट बाइट आहे, उंदरानं कुरतडलंय. वायरिंगचा पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलावा लागेल." ३८ हजारांचं एस्टिमेट छापून हातात ठेवलं. वायरी किती तुटल्यात विचारलं, तर "सेटच येतो मॅडम, सुट्टी वायर येत नाही." खडखडीचं विचारलं, तर ब्लोअरची मोटरही त्याच कागदात धरलेली. आत नेमकं काय अडकलंय ते मात्र कुणी बघितलं नव्हतं.

कागद घेतला आणि गाडी उद्यमनगरात नेली. तिथं आमच्या सासऱ्यांच्या काळापासूनचे एक इलेक्ट्रिशियन मिस्त्री आहेत. त्यांनी आधी पेट्रोलचा पाइप हात फिरवून, वास घेऊन तपासला. म्हणाले, "ताई, वायर तुटली तर गाडी बंद पडती. ह्यो कुरतडला असता तर पेटली असती." तो शाबूत होता. मग वायरी. इंजिनाजवळच्या जुडग्यातल्या तीन वायरींची साल निघालेली, त्यातली ऑक्सिजन सेन्सरची तर पार तुटलेली. पिवळा दिवा तिच्यामुळंच. काचेवर पाणी मारायची रबरी नळीही अर्धी गेलेली.

"वायर खातो का हो उंदीर?" मी विचारलं.

"खातंय कुठलं. दात झिजवतंय."

बरोबरच आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला १० सेंटिमीटरहून जास्त. कुरतडून झिजवले नाहीत तर त्यालाच तोंड मिटता येणार नाही.

खरी गंमत डॅशबोर्डात होती. मिस्त्रींनी डाव्या बाजूचा कप्पा दोन्हीकडून दाबून खाली सोडला, मागचं झाकण काढलं आणि एसीचा फिल्टर ओढला. फिल्टरच्या आधी शेंगा आल्या. घरंगळत, पायाशी, मॅटवर, सीटखाली. टरफलासकट, चांगल्या भरलेल्या भुईमुगाच्या शेंगा. काही कुरतडलेल्या, पण बहुतेक अख्ख्या. मागोमाग मक्याचे दाणे. मग बॉनेटच्या आतल्या अस्तराचा पिंजलेला कापूस, पेपरचे कपटे आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. ब्लोअरची मोटर तीन स्क्रू काढून खाली घेतली, तर तिच्या पंख्यातही दोन-चार शेंगा. खडखड ती हीच. मोटर धडधाकट होती. "शेरभर तरी निघतील बघा," मिस्त्री म्हणाले. शेजारच्या शेडमधली पोरंही बघायला आली.

मी तिथं उभी राहून एकेक वस्तू ओळखत गेले. झेंडू आमचाच. दसऱ्याला गाडी धुऊन हार घातला होता, तो तसाच बॉनेटवर वाळला. म्हणजे हा संसार दसऱ्यानंतर थाटलेला. लेंड्या सेंटिमीटरभर लांब, म्हणजे बारका उंदीर नव्हे. त्याच्या लेंड्या तीन ते सहा मिलिमीटरच्या असतात. हा पाइपावरून, भिंतीवरून सरसर चढणारा काळा उंदीर. त्याला उघड्यावर बसून खायला आवडत नाही, सापडेल ते आडोशाला नेऊन खातो आणि उरलं की तिथंच साठवतो. शेतातल्या घुशीही हेच करतात. बीळ उकरलं की आत धान्याचं कोठार निघतं, हे गावाकडं नवीन नाही. आमच्या गाडीत ऊन नाही, पाऊस नाही, मांजर नाही आणि मालकीण महिन्यातून कधीतरी येते. कोठाराला याहून बरी जागा कुठली?

मिस्त्रींचा पोरगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन हवा मारायला आला, त्याला मी थांबवलं. वाळलेलं मूत आणि लेंड्या हवेनं उडवल्या की ती धूळ थेट नाकात जाते. आणि ओल्या घाणीत लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू असू शकतात, ते हातावरच्या साध्या ओरखड्यातून, डोळ्यातून शिरतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर लेप्टो हा शब्द कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मास्क, रबरी मोजे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. घाण आधी चांगली भिजू द्यायची, मग कागदानं टिपून पिशवीत बांधायची. कनेक्टरवर आणि उघड्या धातूवर ब्लीच जाऊ द्यायचं नाही, गंज धरतो. पोरगा "मॅडम, रोजचं काम हाय आमचं" म्हणत होता, पण त्यानं मोजे घातले. फिल्टर नवीन टाकला. एसीच्या कॉइलवर फेस मारून धुतली, तरी वास जायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस काचा उघड्या ठेवूनच गाडी चालवली.

आता विमा. क्लेम नोंदवायच्या आधी मी आमच्या एजंट काकांकडं पॉलिसी घेऊन बसले. थर्ड पार्टीची पॉलिसी असती तर विषयच नव्हता, तिच्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान येतच नाही. आमची पूर्ण पॉलिसी आहे. त्यात विजेच्या यंत्रणेतला आपोआप झालेला बिघाड भरून मिळत नाही, पण बाहेरच्या कारणानं अपघाती झालेलं नुकसान मिळतं. उंदीर हे बाहेरचं कारण, असं धरून बऱ्याच कंपन्या पैसे देतात. मात्र विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं बघेपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही. म्हणून मिस्त्रींना मी तोवर वायरी जोडू दिल्या नव्हत्या आणि सगळ्याचे फोटो काढून ठेवले होते.

"मिळेल गं," काका म्हणाले, "पण घ्यावं का, ते आधी बघू."

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला, तो मला कुणी आधी कधी सांगितला नव्हता. आमच्याकडं झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर, नाही. त्यामुळं प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांची निम्मी किंमत कापली जाते, गाडी कितीही नवी असो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये सक्तीनं आपले. म्हणजे ३८ हजारांतला चांगला मोठा वाटा आपल्याच खिशातून.

आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत. ती एका वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. आम्ही ५० वर होतो. एक क्लेम घेतला की शून्य. पुन्हा ५० वर चढेपर्यंत पहिल्या वर्षी ५० टक्के सवलत जाते, मग ३०, मग २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के. स्वतःच्या गाडीच्या विम्याचा बोनसआधीचा हप्ता सहा हजार धरला तर साडेसात हजार रुपये पाच वर्षांत हळूहळू निसटतात. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. पण ते कुठल्याच बिलावर दिसत नाहीत.

मिस्त्रींचं सगळं मिळून बिल ५,४०० रुपये. तीन वायरी सोल्डर करून, वर स्लीव्ह चढवून, नळी बदलून. क्लेम घेतला नाही. नवा हार्नेस घातला असता तर वॉरंटी मिळाली असती, हे खरं. पण तोही पुढच्या दसऱ्याला कुरतडला गेला असता, त्याची वॉरंटी कुणी देत नाही.

कारण शेंगा येत होत्या कुठून? तर गच्चीवरून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गडहिंग्लजकडच्या शेतातून ऑक्टोबरात पोत्यानं शेंगा येतात, त्या गच्चीवर वाळत पडतात. पावसाच्या पाण्याचा पाइप गच्चीवरून थेट आमच्या गाडीशेजारी उतरतो. काकू दर वर्षी आम्हाला पिशवीभर शेंगा देतात, त्यामुळं बोलायचं कसं हाच प्रश्न. मी मोबाइलवरचे फोटो घेऊन गेले. त्यांनी निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्याच की ह्या! मी म्हणत होते, पोतं हलकं का लागतंय." त्यांना उंदराचाच राग आला, माझं काम सोपं झालं. आता शेंगा संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात जातात. पाइपाच्या तोंडाला वर आणि खाली जाळी बसवली.

मका कबुतरांचा. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज पहाटे टाकतात. ते पुण्याचं काम आहे म्हणतात आणि ऐकत नाहीत.

बाकी उपाय सगळ्यांनी सुचवले. निपाणी जवळ, त्यामुळं तंबाखूची पानं पहिल्यांदा आली. बॉनेटमध्ये ठेवली, वास उडाला की उपयोग संपला. डांबरगोळ्यांचा वास एसीतून आत येऊन आईचंच डोकं दुखायला लागलं, काढून टाकल्या. मिस्टरांना आवाजानं उंदीर पळवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र मागवायचं होतं. असल्या यंत्रांच्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्ये ६० हून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना इशारे दिले होते, हे वाचून दाखवल्यावर ते गप्प झाले. होंडा कंपनीनं वायरीला गुंडाळायची मिरचीच्या तिखटाची चिकटपट्टी काढलीय, ती कल्पना मला आवडली. कोल्हापुरात तिला गिऱ्हाईक मिळेल. विषाला मात्र मी ठाम नाही म्हटलं. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, तो डॅशबोर्डात जाऊन मेला तर? आणि तो मेलेला उंदीर खाल्ला की मांजरालाही बाधतं.

पिंजरा लावला. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून आधी काही दिवस दार बांधून उघडाच ठेवला, आत भजी. मग दार मोकळं केलं. सापडला. पुढचं वॉचमननं केलं, मी विचारलं नाही.

सगळ्यात कामाला आली ती जाळी. वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीला त्यानं भोक पाडलं होतं, तिथून बाहेरची हवा ब्लोअरकडं जाते. मिस्त्रींनी तिथं पाव इंची स्टीलची जाळी आतून बसवली. हवा जाते, उंदीर जात नाही. शिवाय गाडी लावताना आतली हवा फिरवायचं बटण दाबूनच बंद करायची, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप मिटते. अस्तर नवीन घातलं नाही, उगाच त्याला कापूस कशाला पुरवा. आणि दर रविवारी रंकाळ्यापर्यंत एक चक्कर, निघण्याआधी बॉनेट उघडून.

मार्चमध्ये पॉलिसीचं नूतनीकरण झालं, बोनस ५० टक्के तसाच. कबुतरांच्या मक्याचा विषय सोसायटीच्या पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घातलाय. आजोबा म्हणे माणसं जमवायला लागलेत.